डोक्याला मार लागलाय: बांबोळीला पोचायच्या आधीचा तास

तळकोकणी_डॉक

नमस्कार मंडळी. पाऊस सुरू झाला की आमच्या कॅज्युअल्टीत बाईकवरून घसरलेली माणसं यायला लागतात, म्हणून हा धागा. मी सिंधुदुर्गात एका सरकारी रुग्णालयात असतो. न्यूरोसर्जन आमच्याकडे नाही, त्यामुळे डोक्याला मार म्हटलं की नातेवाइकांचं एकच पालुपद, "डॉक्टर, हय टायमपास नको, डायरेक बांबोळीक धाडा." आता बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवायला माझी ना नाहीच, पण रस्ता मोकळा असला तरी तास-सव्वा तास जातोच, आणि त्या तासात पेशंटच्या मेंदूचं काय होतं यावर कोणी बोलतच नाही.

थोडक्यात मुद्दा असा. डोकं रस्त्यावर आपटलं त्या क्षणी जे फाटलं-तुटलं ते झालं, ते बांबोळीतलाही कोणी परत जोडू शकत नाही. पण त्यानंतर जो दुसरा मार बसतो तो ऑक्सिजन कमी पडल्याने आणि बीपी पडल्याने बसतो, आणि तो थांबवणं कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात जमतं, त्याला सीटी मशीन लागत नाही की सर्जन लागत नाही. अमेरिकेत १९९३ साली गंभीर मार लागलेल्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलेलं असलं तरी मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. एकदा जरी! हल्लीच्या गाइडलाइन तर ९० वरही समाधानी नाहीत, १५ ते ४९ वयाला आणि सत्तरीच्या पुढे ११० च्या वर, मधल्या वयाला १०० च्या वर ठेवा म्हणतात.

आता कॅज्युअल्टीत बघा काय होतं. पेशंट स्ट्रेचरवर उताणा, आणि जोरात घोरतोय. बरोबरचा माणूस म्हणतो, "आता शांत झोपलाय, मघाशी लय तडफडत होता." अहो तो झोपलेला नाही, त्याची जीभ मागे पडून घसा अर्धा बंद झालाय! बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा ८४-८५. जबड्याच्या कोपऱ्यात दोन्हीकडून बोटं घालून जबडा नुसता पुढे उचलायचा (मान मागे वाकवायची नाही, मानेचं हाड मोडलेलं असू शकतं), तोंडातलं रक्त-उलटी सक्शनने काढायची, मास्कने ऑक्सिजन लावायचा. घोरणं थांबतं, मिनिट-दोन मिनिटांत आकडा ९६-९७ ला येतो. हे न करता तसाच गाडीत घातला तर सव्वा तास ८४ वर जातो आणि मग बांबोळीतल्यांनी काय जादू करायची?

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो. आज नाइट आहे.

पम्या_कुडाळकर

डॉक्टरानू, बरा लिवलात. माका एक सांगा, डोक्याक लागला की झोपाक देव नये म्हणतत ता खरा काय? आमची आजी रात्रभर गाल थापटून जागा ठेवायची.

तळकोकणी_डॉक

पम्या, झोपेने मेंदूत रक्तस्राव होत नाही. भीती अशी असते की झोप कुठली आणि गुंगी कुठली ते घरच्यांना कळत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलंय, शुद्ध पूर्ण आहे, तर झोपू दे बापड्याला, पहिल्या रात्री मधेमधे उठवून नाव-गाव विचारा, नीट बोलला की परत झोपवा. उठवताच येत नाही, किंवा उठून भलतंच बोलतोय, तर लगेच आणा. आणि चक्कर आलेल्या बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणं, कांदा नाहीतर चप्पल हुंगवणं हे प्लीज बंद करा, पाणी थेट फुफ्फुसात जातं.

शंकासुर

लेख चांगला, पण एक कडू सांगू का. शहरात जरा टेंगूळ आलं की सीटी, उलटी झाली की सीटी, आणि तिथून ॲडमिट. सीटीत कट (कमिशन) असतो हे सगळ्यांना माहितीये. मग आम्ही कसं ओळखायचं की हे सीटी खरंच लागणार होतं की बिल वाढवायला होतं?

रेडिओ_मिरजकर

मी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे शंकासुरांच्या मते आरोपी नंबर एक :-) कटाबद्दल भांडत नाही, तो प्रकार आहे आणि लाजिरवाणा आहे. पण सीटी कोणाला हवा हे डॉक्टरच्या मर्जीवर नाहीये, त्याला नियम आहेत आणि ते पेशंट स्वतःही विचारू शकतो. कॅनडात २००१ साली इयन स्टील आणि मंडळींनी एक नियम काढला, तो जगभर वापरतात. डोक्याला लागून थोडा वेळ शुद्ध गेली होती किंवा मधलं आठवत नाही, पण आता बरा बोलतोय अशा मोठ्या माणसासाठी तो आहे. मार लागून दोन तास झाले तरी पूर्ण शुद्धीवर नाही, कवटी खचल्यासारखी किंवा उघडी वाटते, कवटीच्या तळाशी फ्रॅक्चरची खूण आहे, दोन किंवा जास्त उलट्या, वय ६५ किंवा पुढे, यातलं एक जरी असलं तरी सीटी. शिवाय मार लागायच्या आधीचा अर्धा तास किंवा जास्त आठवत नसेल, किंवा गाडीने उडवलंय, गाडीतून बाहेर फेकला गेलाय, तीन फुटांच्या वरून पडलाय, तर तिथेही काढतात. म्हणजे एका उलटीला सीटी लागतोच असं नाही, आणि नुसत्या टेंगळाला तर नाहीच.

पण हा नियम रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना आणि फिट आलेल्यांना लागू नाही, त्यांचा विचार वेगळा, तिथे सीटीकडे हात लवकर जातो. उलट्या बाजूने मला जास्त भीती वाटते ती "चहा प्यायलेल्या" पेशंटची. कानाच्या वर लागलं, पाच मिनिटं बेशुद्ध, मग उठून बसला, चहा प्यायला, फोनवर बोलला, सगळे म्हणाले वाचला. आणि दोन-तीन तासांनी गपकन कोसळला. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते, ती फाटली की कवटी आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यात रक्त साठत जातं. सीटीत ते भिंगासारखं दोन्हीकडून फुगीर दिसतं. वेळेत ऑपरेशन झालं तर हाच पेशंट चालत घरी जातो, कारण खालचा मेंदू बऱ्याचदा चांगला असतो. म्हणून "उठून बसला" हे ऐकून मला कधीच हायसं वाटत नाही.

शंकासुर

हे पटलं. निदान विचारता तरी येईल की कुठल्या कारणासाठी काढताय.

वार्ड_नंबर_सात

मी स्टाफ नर्स आहे, ट्रॉमाला बरीच वर्षं काढलीत, मला कॅनडा-बिनडा माहीत नाही पण एक सांगते, सीटी नॉर्मल आला म्हणून पेशंटकडे पाठ फिरवायची नसते. आमचं खरं काम तिथून पुढे सुरू होतं, पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने जीसीएस (शुद्धीचे मार्क), डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, बीपी, श्वास, मग चार तास दर तासाने, मग दोन-दोन तासांनी, आणि ते खरोखर जाऊन बघून लिहायचं, आधीच्या रकान्यातलं वरून खाली उतरवायचं नाही, नव्या मुली हेच करतात आणि मग १५, १५, १५ च्या रांगेत पेशंट कधी १३ ला आला ते कोणाला कळतच नाही.

जीसीएस म्हणजे ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ ला काढलेली मोजपट्टी. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून १५. सगळ्यात कमी ३, शून्य नसतंच, मेलेल्यालाही ३ मिळतात. आमच्या एक जुन्या सिस्टर होत्या त्या नुसती बेरीज लिहिलेली दिसली की पेन काढून घ्यायच्या. कारण ९ कुठून आले? डोळ्याचे किती, हाताचे किती? सुटं सुटं लिहायचं, ई (डोळे) २, व्ही (बोलणं) २, एम (हालचाल) ५ असं.

आणि दुखवायचं कसं तेही. काही जण छातीच्या हाडावर मुठीने इतकं रगडतात की दुसऱ्या दिवशी काळंनिळं. खांद्याजवळचा स्नायू चिमटीत धरून दाबा नाहीतर भुवईखालच्या खाचेत अंगठा. हात वर येऊन तुमचा हात झटकायला बघतो तो ५. नुसता ओढून घेतो तो ४. कोपरात दुमडून छातीकडे आवळतो तो ३, ताठ होऊन बाहेर वळतो तो २. पाचाचा तीन झाला की डॉक्टरला झोपेतून उठवायचं, रागावला तर रागावू दे.

तळकोकणी_डॉक

सिस्टर, तुमच्यासारखी एक जण नाइटला असली ना की मी निवांत. एक भर घालतो. दारू! "प्यायलाय म्हणून बरळतोय" हे वाक्य ज्याने पेपरवर लिहिलं त्याने आधी ग्लुकोमीटरने शुगर बघितली का आणि बाहुल्या बघितल्या का हे मी विचारतो. प्यायलेला माणूसच पडतो, आणि प्यायलेल्याच्याच डोक्यात रक्त साकळलेलं सापडतं. वास येतो म्हणून जीसीएस कमी, असं धरून चालायचंच नाही.

१०८_वाला_वैद्य

धाग्यावर उशिरा आलो, ड्युटीवर होतो. मी बीएएमएस, १०८ वर आहे. महाराष्ट्रात २०१४ ला ही सेवा सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतो हे अजूनही लोकांना माहीत नाही, ड्रायव्हरलाच सांगतात "चल मार लवकर". आम्ही पोचायच्या आधी काय झालेलं असतं ते सांगतो, दोघांनी बगलेत धरलं दोघांनी पाय धरले आणि रिक्षात कोंबला, मान लोंबकळत, आणि वर कोणीतरी त्याला बसवून पाणी पाजतोय. मदत करायची इच्छा शंभर टक्के खरी असते, शिव्या द्यायच्या नाहीयेत, पण जरा थांबा हो. श्वास चालू असेल आणि गाड्यांचा किंवा आगीचा धोका नसेल तर हलवू नका. उलटी आली तर डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून सगळं अंग एकदम कुशीवर. हेल्मेट एकट्याने ओढून काढू नका. एकाने खालून मान-जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंना फाकवत हळूहळू काढायचं. तोंड बंद करणारं हेल्मेट असेल आणि श्वास अडकलाय तरच घाई.

पोलिसांच्या भीतीने लोक अजून थांबत नाहीत. २०१६ ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि नंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत कॅशलेस. "पैसे कोण भरणार" म्हणून गाडीपाशी वाद घालणाऱ्यांना मी आता हेच सांगतो.

डॉक, मला एक विचारायचंय. अँब्युबॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) किती वेगाने दाबायची यावर आमच्यातच वाद असतो. जुने लोक म्हणतात जोरात दाब, सूज उतरते.

तळकोकणी_डॉक

वैद्यबुवा, लाखातला प्रश्न. जोरात दाबल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, कवटीतला दाब कमी होतो, इथपर्यंत जुने लोक बरोबर. पण आकसलेल्या वाहिन्यांतून रक्तही कमी जातं, म्हणजे आधीच उपाशी असलेल्या मेंदूच्या तोंडचा घास काढतो आपण. मोठ्या माणसाला मिनिटाला १० ते १२, म्हणजे पाच-सहा सेकंदांनी एकदा. गाडीत घाबरलेला माणूस नकळत ३० वर जातो, स्वतःशी आकडे मोजत दाबा. एक बाहुली मोठी होऊन उजेडाला हलत नाहीये, नाडी उतरतीये, बीपी चढतंय, श्वास वेडावाकडा, म्हणजे मेंदू खाली सरकायला लागलाय, तेव्हा आणि तेवढ्यापुरतं थोडं वेगाने. ॲरिझोनात राज्यभरच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना नेमकं हेच शिकवलं, ऑक्सिजन पडू देऊ नका, बीपी पडू देऊ नका, बॅग जोरात दाबू नका. २०१९ ला निकाल आले तेव्हा गंभीर मार लागलेल्या गटात वाचणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलेलं दिसलं. नवीन औषध नाही, मशीन नाही.

जुनाजाणता_जीपी

नमस्कार. मी पस्तीस वर्षांहून जास्त प्रॅक्टिस केली. आमच्या वेळी डोक्याला मार म्हटलं की डेक्सा आणि मॅनिटॉल, आणि मग रेफर. तुम्ही दोन्हीचं नावच घेतलं नाहीत, मुद्दाम का?

तळकोकणी_डॉक

सर, नमस्कार. मुद्दाम नाही पण बरं झालं विचारलंत, कारण ही दोन्ही अजूनही रेफरच्या चिठ्ठ्यांवर दिसतात.

डेक्सा म्हणजे स्टेरॉइड. २००४ ला क्रॅश नावाची ट्रायल आली, १०,००८ पेशंट, निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोन. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्या गटात २१.१ टक्के गेले आणि दुसऱ्या गटात १७.९. म्हणजे इतकी वर्षं जगभर जे भल्यासाठी दिलं जात होतं त्याने जीव जात होते. त्यामुळे मार लागलेल्या डोक्याला स्टेरॉइड नाही, विषय संपला. ब्रेन ट्यूमरच्या सुजेला देतात ते वेगळं.

मॅनिटॉलचं तसं नाही, ते चांगलं औषध आहे पण चुकीच्या वेळी घातक. कवटी म्हणजे घट्ट झाकणाचा डबा, आत मेंदू, रक्त आणि पाणी, सूज आली की दाब वाढणारच. मॅनिटॉल पाणी ओढून लघवीवाटे काढतं. पण बीपी ८० असलेल्या पेशंटला लावलं तर तेच पाणी जाऊन बीपी अजून पडतं. म्हणून आधी बीपी, आणि बाहुली मोठी झाल्यासारखी खूण असेल तरच २० टक्के मॅनिटॉल, वजनाच्या किलोला अर्धा ते एक ग्रॅम, लघवीची नळी (कॅथेटर) घालून. बीपी डळमळीत असेल तर ३ टक्के सलाइन बरं. "रस्त्यात लागेल" म्हणून सगळ्यांना शंभर एमएल लावून पाठवायची पद्धत मला बिलकुल पटत नाही.

आणि सर, बीपी कमी असेल तर मोठ्या माणसात डोक्याला दोष देऊन थांबायचं नाही, पोट, छाती, कमरेचं हाड, मांडी बघायची. नाहीतर डोक्याची कातडीच! तिच्यातून बदाबदा रक्त जातं. वर पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी, दिसायला पागोटं, आणि खाली धार चालूच. पाच मिनिटं काढून जाड टाके मारून टाका मग पाठवा. सलाइन एनएसच (नॉर्मल सलाइन), ५ टक्के डेक्स्ट्रोज नको, त्याने सूज वाढते (शुगर कमी असेल तर गोष्ट वेगळी).

जुनाजाणता_जीपी

टाके मारून पाठवा हे वाचून बरं वाटलं. आमच्या काळी हाताने करायची कामं आम्ही करायचो.

अंजली_लीड्स

मी मूळची रत्नागिरीची, इथे इंग्लंडला इमर्जन्सीत काम करते. एक राहिलं असं वाटलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, रक्तस्राव कमी करायचं औषध. २०१९ ची क्रॅश-३, १२,७३७ पेशंट. गंभीर मार असलेल्यांत फरक दिसला नाही, पण हलका-मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत दिलं तर डोक्याच्या माराने होणारे मृत्यू कमी झाले, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. आमच्या २०२३ च्या नाइस गाइडलाइनमध्ये जीसीएस १२ किंवा कमी असेल तर दोन तासांच्या आत २ ग्रॅम एकदम देण्याचा विचार करा असं आलंय, सीटीची वाट न बघता.

तळकोकणी_डॉक

बरोबर अंजलीताई. आमच्याकडे ट्रायलमधलीच पद्धत, १ ग्रॅम दहा मिनिटांत, मग १ ग्रॅम आठ तासांत. ५०० मिलिग्रॅमचे दोन अँप्यूल १०० एनएसमध्ये. पाळीच्या रक्तस्रावाला देतात तेच औषध, त्यामुळे तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं.

मीरा_प

मी डॉक्टर नाही. माझ्या आत्याचं सांगते, वय ७८, हार्टसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं नळाला लागलं, रक्त नाही, टेंगूळ नाही, तिने कोणाला सांगितलंही नाही. साधारण तीन आठवड्यांनी चहात साखरेऐवजी मीठ टाकायला लागली, चालताना उजवीकडे कलायची. सगळे म्हणाले वय झालं. सूनबाई हटून बसली म्हणून सीटी काढला, मेंदूवर जुनं पातळ झालेलं रक्त. दोन भोकं पाडून काढलं आणि चौथ्या दिवशी ती सिरियलची गोष्ट नीट सांगत होती. हे एवढे दिवस कसं लपतं?

रेडिओ_मिरजकर

मीराताई, म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, कवटीत मोकळी जागा होते, आणि मेंदूपासून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. हलक्या धक्क्यानेही फाटतात. रक्त शिरेचं, म्हणून हळू, आणि जागा आहे म्हणून आठवडे कळत नाही. वृद्ध माणूस पडल्यानंतर महिन्या-दीड महिन्यात वागण्यात, चालण्यात फरक पडला तर "वय झालं" म्हणायच्या आधी सीटी. सूनबाईंना माझा नमस्कार सांगा.

चिंगीची_आई

मुलगी चार वर्षांची, सोफ्यावरून पडली, एकदा उलटी, आता खेळतेय. सीटी??

अंजली_लीड्स

खेळतेय, ओळखतेय, डोक्याला खड्डा लागत नाही, कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं नाही, नाका-कानातून पाणी नाही, तर बहुतेक नाही लागणार. अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास करून २००९ ला नियम केलेत, अशा मुलांना काही तास नजरेखाली ठेवणं पुरतं, उगाच रेडिएशन कशाला. पण फोरमवर नाही, आजच जवळच्या डॉक्टरांना दाखवा. परत परत उलट्या, खूप रडणं, गुंगी, फिट, यातलं काही झालं तर थांबू नका.

पम्या_कुडाळकर

हेल्मेटाचा कोणच बोलना नाय. २०२२ च्या सरकारी अहवालात रस्त्यावर १,६८,४९१ मेले, त्यातले ५०,०२९ हेल्मेट नसलेले. पट्टो न लावता घातला तर ता उडान जाता, डोक्यार रवना नाय.

१०८_वाला_वैद्य

+१ पम्या. डॉक, शेवटचं. ट्रान्सफरला चिठ्ठी काय हवी, आणि डोकं ३० अंश वर ठेवा म्हणतात पण मानेची खात्री नसताना कसं ठेवू?

तळकोकणी_डॉक

कमरेत वाकवू नका, अख्खं स्ट्रेचर डोक्याकडून वर उचला. कॉलर गळ्याला रुतेल इतका आवळू नका, श्वासाच्या ट्यूबची पट्टीही मानेभोवती करकचून नको, शिरा दाबल्या की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. चिठ्ठीत अपघाताची वेळ, पहिला जीसीएस सुटा सुटा आणि निघतानाचा परत, दोन्ही बाहुल्या, सगळ्यात कमी बीपी किती होतं, ऑक्सिजन, शुगर, काय दिलं आणि किती वाजता, रक्त पातळ करायची गोळी आहे का. झोपेचं औषध किंवा ट्यूब देणार असाल तर हातापायांची हालचाल त्याच्या आधी बघून लिहा, नंतर तिथल्या न्यूरोसर्जनला काहीच कळत नाही. आणि गाडी सुटायच्या आधी तिकडे फोन.

आत्ताच एक जण आलाय बाहेर, बघून येतो.